काट्यांच्या मुकुटाची कुळकथा

मुंबईहून हावड्याकडे निघालेली गाडी नागपूर, गोंदिया, राजनांदगाव आणि दुर्ग ही स्थानके मागे टाकून भिलाईला पोचते, तेव्हा प्रवाशाची दृष्टी प्रथम पोलादाच्या कारखान्याच्या धुराड्यांकडे जाते. ते स्वाभाविकच आहे. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात झालेल्या कराराने दुर्ग जिल्ह्यातील या माळावर दहा लाख टन पोलाद काढण्याचा संकल्प सोडला गेला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्याबरोबर एक नगरही वसले. त्याचे सेक्टर पडले, क्वार्टर बांधले गेले, आणि देशाच्या सर्व प्रांतांतून माणसे तेथे राहावयास आली. त्यांत मराठी माणूस अगदीच परका नव्हता. नागपूरकर भोसल्यांच्या घराण्यातील बिंबाजी भोसले यांनी १७५८ पासून रतनपुरास राहून छत्तीसगडचा कारभार पाहिला होता, आणि १९५६ पर्यंत हा मुलूख ज्या प्रांतात मोडत होता त्याची राजधानी नागपूर हीच होती.

या नगरातील एखाद्या क्वार्टरच्या पायरीशी क्षणभर थांबले तर एक मौज आढळते. रस्त्याच्या कडेला गुलमोहोर असतो. वाफ्यात सदाफुली असते. आणि पायरीवरच्या कुंडीत, तुळशीपासून जरा अंतर राखून, बोटाएवढ्या जाड, राखी रंगाच्या, अंगभर काटे ल्यालेल्या फांद्यांचे एक झुडूप असते. त्याच्या शेंड्यांना लहानशी हिरवी पाने आणि लाल फुलांचे झुबके लागलेले असतात. गुलमोहोर, सदाफुली आणि हे काटेरी झुडूप या तिघांची जन्मभूमी एकच आहे. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यासमोरील मादागास्कर बेटावरून ही तिन्ही निघाली आणि हिंदी महासागर ओलांडून छत्तीसगडच्या मुरमाड जमिनीत शेजारी म्हणून नांदू लागली. पहिल्या दोघांना आपण घरचीच मानली, त्यांना मराठी नावेही मिळाली. तिसऱ्याच्या वाट्याला मात्र इंग्रजी 'क्राउन ऑफ थॉर्न्स'चे शब्दशः भाषांतर तेवढे आले: काट्यांचा मुकुट. हिंदीतही 'काँटों का ताज' असेच म्हणतात. शास्त्रज्ञ त्याला 'युफोर्बिया मिलाय' म्हणतात. गंमत अशी की, या तिन्ही नावांपैकी एकाचाही त्या झुडपाच्या मायभूमीशी संबंध नाही. मायभूमीत त्याचे नाव 'सोंगोसोंगो' असे आहे.

आधी त्याचे कुळ पाहिले पाहिजे, कारण येथेच पुष्कळांची गल्लत होते. अंगावर काटे आणि फांद्यांत साठवलेले पाणी पाहून लोक त्याला निवडुंगाच्या पंगतीला बसवतात. पण निवडुंग या मराठी शब्दाच्या पोटात दोन अगदी भिन्न घराणी नांदत आहेत. फड्या निवडुंग हा अमेरिकेतून आलेला, खरा कॅक्टस. त्रिधारी निवडुंग हा आपल्याकडचा जुना रहिवासी, आणि त्याचे कूळ एरंडाचे. ओळखण्याची खूण सोपी आहे. फांदीला नख लावले की पांढरा दुधासारखा चीक वाहू लागला तर ते एरंडाच्या कुळातले झाड. गावोगावच्या कुंपणांतला शेर त्याच कुळातला आणि कुंडीतला काट्यांचा मुकुटही त्याच कुळातला. कुंपणाला शेर लावणारा मराठी शेतकरी एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या जाणून होता, ती अशी की ज्या झाडाला चीक आहे त्याला शेळी तोंड लावीत नाही. मादागास्करच्या डोंगराळ प्रदेशातील लोकांनीही तीच गोष्ट ओळखली होती. तेथे सोंगोसोंगो शोभेकरता नव्हे, कुंपणाकरता लावीत.

ज्याला आपण त्याचे फूल म्हणतो तेही वस्तुतः फूल नव्हे. ती दोन रंगीत पाखरे म्हणजे छद, म्हणजे फुलाखालची रूपांतर पावलेली पाने. खरी फुले त्यांच्या मधोमध इवल्या पेल्यात लपलेली असतात आणि ती पाहावयास भिंग घ्यावे लागते. पाकळ्या नसल्यामुळेच हा लाल रंग कित्येक आठवडे कोमेजत नाही. त्याचे काटेही फांदीचे नाहीत, पानाच्या देठाशी असणाऱ्या उपपर्णांचे आहेत. म्हणून ते जोडीजोडीने येतात, आणि पान गळाले तरी जागच्या जागी राहतात.

युफोर्बिया हे घराण्याचे नाव आले कोठून, याची हकीकत रोमन ग्रंथकार प्लिनी याने सांगितली आहे. ज्युलियस सीझरने इ. स. पूर्व ४६ मध्ये आफ्रिकेतील विजयाची मिरवणूक रोम शहरातून काढली, तेव्हा त्या मिरवणुकीत न्युमिडियाच्या पराभूत राजाचा बालपुत्र जुबा हाही बंदी म्हणून होता. हा मुलगा रोममध्येच वाढला, विद्वान झाला आणि पुढे ऑगस्टसने त्याला मॉरिटेनियाच्या, म्हणजे आजच्या मोरोक्को-अल्जीरियाच्या, गादीवर बसवले. अँटनी आणि क्लिओपात्रा यांची कन्या सेलीनी ही त्याची राणी. अ‍ॅटलास पर्वतावर त्याला एक चीक गाळणारी काटेरी वनस्पती आढळली. तिला त्याने आपला वैद्य युफोर्बस याचे नाव दिले, आणि तिच्यावर एक ग्रंथही लिहिला. युफोर्बसचा भाऊ ऑगस्टसचा राजवैद्य होता. त्या चिकाचा दरारा एवढा की, तो काढणारे लोक लांब काठीने दुरूनच फांदीला चीर पाडीत आणि खाली करडाच्या पोटाची पिशवी धरून थेंब झेलीत, असे प्लिनी लिहितो. १७५३ साली लिनिअसने हेच नाव साऱ्या घराण्याला लावले, आणि दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका वैद्याचे नाव शेर आणि त्रिधारी निवडुंग यांच्याही कपाळी लिहिले गेले.

मुकुटाच्या नावाची गोष्ट याहून भाविक आहे. येशू ख्रिस्ताला वधस्तंभाकडे नेताना त्याच्या मस्तकावर काट्यांचा मुकुट ठेवण्यात आला, तो याच झुडपाच्या फांद्यांचा होता आणि ती लाल फुले म्हणजे त्याच्या रक्ताचे थेंब, अशी समजूत अनेक देशांत आहे. समजूत सुंदर आहे. पण इतिहास तिला साथ देत नाही. मादागास्करच्या खडकांतले हे झुडूप पहिल्या शतकातील जेरुसलेमला पोचल्याचा काडीइतका पुरावा नाही. पॅलेस्टाइनच्या भूमीत या मानाचे दुसरे दावेदार आहेत. त्यांतला एक तर आपल्या बोरीचाच भाऊबंद आहे, आणि लिनिअसने त्याच्या नावातच ख्रिस्ताचा काटा गोवून ठेवला आहे.

आता तिसऱ्या नावाकडे वळावयाचे. मादागास्करच्या पूर्वेस समुद्रात दोन बेटे आहेत. एक मॉरिशस, दुसरे रेयुनियों. या दुसऱ्याला त्या काळी बूर्बों म्हणत. पिएर बेर्नार मिलियस हा फ्रेंच आरमारातील अधिकारी १८१८ पासून १८२१ पर्यंत बूर्बोंचा गव्हर्नर होता. समुद्र त्याच्या अंगवळणी पडलेला होता. ऑस्ट्रेलियाच्या शोधास निघालेल्या बोदँ याच्या मोहिमेत तो होता, आणि १८०३ मध्ये बोदँ मॉरिशसला मरण पावला तेव्हा मोहिमेचे जहाज मिलियसनेच मायदेशी नेले. बूर्बोंहून परतताना, १८२१ साली, त्याने हे काटेरी झुडूप फ्रान्सला नेले. ते बोर्दोच्या उद्यानात रुजले. तेथील वनस्पतिशास्त्रज्ञ शार्ल दे मूलँ याने १८२६ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले, आणि गव्हर्नराच्या सन्मानार्थ त्याचे नाव 'मिलाय' असे ठेवले. स्वतः मिलियस पुढे १८२७ मध्ये नावारिनोच्या आरमारी लढाईत लढला आणि १८२९ मध्ये वारला. ज्या बूर्बोंवर तो राज्य करीत होता तेथील कॉफीचे आणि उसाचे मळे मादागास्कर व पूर्व आफ्रिका येथून आणलेल्या गुलामांच्या श्रमांवर चालत होते. ती गुलामगिरी संपावयास १८४८ साल उजाडावे लागले. मादागास्करहून माणसे आणि झुडपे यांचा प्रवास त्या काळी एकाच समुद्रातून होत होता. झुडपाला मालकाचे नाव मिळाले. माणसांचीही तीच गत होई.

मिलियसखेरीज आणखी एका माणसाचा या कथेत मान आहे, आणि तो खरे तर अधिक मोठा आहे. वेन्झेल बोजर हा बोहेमियात जन्मलेला वनस्पतिशास्त्रज्ञ मॉरिशसला स्थायिक झाला होता. १८२२ मध्ये तो आपला सहकारी हिल्सेनबर्ग याच्यासह मादागास्करच्या अंतर्भागात गेला. तेथे त्या वेळी पहिल्या रादामा राजाचे राज्य होते आणि १८१७ च्या तहाने त्याने इंग्रजांना गुलामांची निर्यात बंद करण्याचे वचन दिलेले होते. बोजरने त्या बेटावरून जी वनस्पतिसंपत्ती उजेडात आणली तिच्यातील दोन रत्ने एकाच वर्षी, १८२९ मध्ये, विल्यम हूकर यांच्या 'बोटॅनिकल मॅगझिन' या नियतकालिकात रंगीत चित्रांसह झळकली. एक हेच झुडूप. बोजरने त्याला 'स्प्लेंडेन्स', म्हणजे देदीप्यमान, असे नाव दिले होते. दुसरा गुलमोहोर. वैशाखाच्या वणव्यात महाराष्ट्रातील रस्तोरस्ती जो पेटल्यासारखा फुलतो आणि ज्याला आपण आपलाच समजतो, त्याची जगाला झालेली ओळख आणि या कुंडीतल्या झुडपाची ओळख एकाच माणसाने, एकाच वर्षी करून दिली. पुढे शास्त्रज्ञांनी असे ठरवले की बोजरचे 'स्प्लेंडेन्स' आणि दे मूलँचे 'मिलाय' हे एकाच जातीचे दोन प्रकार आहेत. नियमानुसार आधीचे नाव टिकले. अशा रीतीने झाडे धुंडाळीत रानोमाळ हिंडलेल्या अभ्यासकाने सुचविलेले नाव मागे पडले आणि गव्हर्नराचे राहिले. शास्त्राच्या नियमात अन्याय नाही, पण मनाला ते थोडे लागतेच.

बोजर ज्या मॉरिशसमध्ये वावरत होता तेथे १८३५ मध्ये गुलामगिरी बंद झाली, आणि उसाच्या मळ्यांवर हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर जाऊ लागले. मुंबई बंदरातून गेलेल्या जहाजांत कोकणातील कष्टकरी मराठी कुटुंबे होती. त्यांचे वंशज आजही त्या बेटावर मराठी म्हणून ओळखले जातात आणि गणेशोत्सव साजरा करतात. मराठी माणूस पश्चिमेकडे गेला आणि मादागास्करचे गुलमोहोर व काटेमुकुट पूर्वेकडे आले. दोघांनीही परक्या मातीत मूळ धरले, आणि दोघांनाही ते सुखासुखी साधले नाही.

या झुडपाच्या चिवटाईत त्याच्या चिकाचाही वाटा आहे. जन्मभूमीत ते खडकांच्या कपारीत, मूठभर मातीवर उगवते. पावसाळा संपला की महिनोन्‌महिने पाण्याचा थेंब नाही. तेव्हा ते पाने टाकून देते, जाड फांद्यांत साठवलेल्या ओलाव्यावर दिवस काढते, आणि जनावराने चावा घेऊ नये म्हणून काटे व चीक यांचा दुहेरी पहारा ठेवते. या चिकाने विसाव्या शतकात एका निराळ्याच दिशेने लक्ष वेधून घेतले. सदाफुलीच्या पानांतून १९५० च्या दशकाच्या अखेरीस रक्ताच्या कर्करोगावर चालणारी द्रव्ये हाती आली होती, हे पुष्कळांना ठाऊक आहे. तिच्या या काटेरी शेजाऱ्याची हकीकत मात्र फारशी कोणी सांगत नाही.

शिस्टोसोमायसिस या नावाचा एक कृमिरोग आहे. त्याच्या जंतूंची वाढ गोड्या पाण्यातील गोगलगाईंच्या शरीरात होते, आणि त्या पाण्यात उतरलेल्या माणसाच्या कातडीतून ते शरीरात शिरतात. आफ्रिकेतून नेलेल्या गुलामांबरोबर हा रोग अटलांटिक ओलांडून ब्राझीलला पोचला आणि तेथील गोगलगाईंत घर करून राहिला. रोग थांबवावयाचा तर गोगलगाय मारली पाहिजे. पण त्यासाठी लागणारी रासायनिक द्रव्ये गरीब खेड्यांना परवडत नाहीत. रिओ दि जानेरो येथील ओस्वाल्दो क्रूझ संस्थेतील वास्कोन्सेलोस आणि शाल या संशोधकांनी १९८६ मध्ये असे दाखवून दिले की, ब्राझीलमध्ये घरोघर कुंपणाला लावलेल्या काट्यांच्या मुकुटाचा चीक या गोगलगाईंवर अत्यंत प्रभावी आहे. एक लिटर पाण्यात दोन मिलिग्रॅमहूनही कमी चीक पुरतो. औषध दारातल्या कुंपणातच उभे होते. आफ्रिकेतून माणसांबरोबर आलेल्या रोगावर आफ्रिकेच्याच बेटावरून आलेले झुडूप चालावे, हा योगायोग इतिहासात क्वचितच घडतो. तथापि येथे हात आखडता घेणे भाग आहे. या चिकात कातडी व डोळे जाळणारी आणि गाठींच्या वाढीला चालना देणारी द्रव्येही असतात. त्यामुळे त्याचा उपयोग अभ्यासाच्या टप्प्यापलीकडे सर्रास पसरलेला नाही.

महाराष्ट्राला हा रोग अगदीच अपरिचित आहे असे नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी या गावी त्याचे एक ठाणे असल्याचे गाडगीळ आणि शहा यांनी १९५२ मध्ये वैद्यकीय जगापुढे मांडले. भारतात हा रोग रुजत नाही, अशी तोवर समजूत होती. गिमवीच्या पाण्यातील एका इवल्या गोगलगाईने ती खोटी ठरवली.

चिकाचा हा प्रताप ध्यानात ठेवूनच भिलाईच्या पायरीवर परत यावयास हवे, कारण या झुडपाची निगा राखणे म्हणजे त्याच्या जन्मभूमीची आठवण ठेवणे. येथे पाऊस बाराशे मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत कोसळतो. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांपर्यंत चढतो. उन्हाळ्याचे या झुडपाला भय नाही. त्याला मारतो तो आषाढ, आणि त्याहूनही अधिक, रोज सकाळी तुळशीबरोबर त्यालाही तांब्याभर पाणी घालणारा मायेचा हात. मुळे कुजली की फांदी बुडापासून मऊ व काळी पडते, आणि मग उपाय उरत नाही. म्हणून पावसाळ्यात कुंडी वळचणीच्या आत घ्यावी. थंडीत दहा-पंधरा दिवसांनी एकदा, कडक उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा-दोनदा पाणी पुरे. तेही वरची माती बोटभर कोरडी झाल्याची खात्री करून. पाने गळाली म्हणून घाबरून पाणी वाढवणे ही नेहमीची चूक. ती त्याची विश्रांती असते.

मातीच्या बाबतीत छत्तीसगडच्या शेतकऱ्याजवळ असलेली शब्दसंपत्ती कामाला येते. तो आपल्या जमिनीचे कन्हार, डोरसा, मटासी आणि भाठा असे चार प्रकार करतो. कन्हार काळी, चिकण, पाणी धरून ठेवणारी. धानाला आणि रब्बीच्या पिकाला उत्तम, पण या झुडपाला घातक. भाठा म्हणजे उंचावरची खडी-मुरमाची लालसर जमीन. शेतकऱ्याच्या लेखी तिची किंमत सर्वांत कमी. आणि तीच मादागास्करच्या खडकांच्या सर्वांत जवळची! दोन भाग भाठ्याचा मुरूम किंवा जाड रेती, एक भाग मटासी, एक भाग पुरते कुजलेले शेणखत, आणि कुंडीच्या तळाशी विटांचे तुकडे, एवढी व्यवस्था केली की झुडूप वर्षानुवर्षे तक्रार करीत नाही. खत बेताचेच घालावे. जास्त झाले की पाने माजतात आणि फुले मागे हटतात. ऊन मात्र भरपूर हवे, दिवसाचे पाच-सहा तास तरी. सावलीत ठेवलेले झुडूप जगते, पण फुलत नाही. आणि डिसेंबर-जानेवारीच्या बोचऱ्या रात्री त्याला भिंतीच्या आडोशाला ठेवणे बरे.

अलीकडे रोपवाटिकांतून मोठाल्या, गुलाबी, पिवळ्या, ठिपकेदार फुलांचे जे प्रकार मिळतात ते थायलंडमधील संकर आहेत. तेथील चिनी वंशाच्या लोकांनी या झुडपाला आठ सिद्धपुरुषांवरून 'पोयसियान' असे नाव दिले. एका झुबक्यात आठ फुले आली तर घरी भाग्य येते, अशी त्यांची श्रद्धा. या एका वनस्पतीला फ्रेंचांनी गव्हर्नर, ख्रिस्ती भाविकांनी मुकुट आणि चिन्यांनी सिद्ध दिले. या संकरांची पाने मोठी असतात आणि पाण्याच्या बाबतीत ती जुन्या लाल जातीहून किंचित नाजूक असतात. युफोर्बियाच्या रसाळ जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९७३ च्या वॉशिंग्टन कराराचे निर्बंध आहेत, कारण मादागास्करच्या रानांतून युफोर्बियाच्या दुर्मिळ जाती उपटून विकल्या जातात. बागेत वाढवलेल्या या झुडपाच्या लागवडीच्या प्रकारांना मात्र त्यात सवलत ठेवलेली आहे.

नवे रोप करावयाचे तर फाल्गुन-चैत्राचे दिवस चांगले. धारदार सुरीने टीचभर लांबीचे शेंडे कापावेत. हातात जाड मोजे असावेत, आणि लहान मुले जवळ नसावीत. चीक डोळ्यात गेला तर भरपूर पाण्याने धुवून वैद्याकडे जावे, चोळू नये. कापलेली टोके थोडा वेळ पाण्यात बुडवली की चीक वाहावयाचा थांबतो. मग ते शेंडे लगेच मातीत खोवण्याचा मोह टाळावा आणि आठवडाभर सावलीत तसेच पडू द्यावेत. कापाच्या तोंडावर वाळलेल्या चिकाची खपली धरली, की ते कोरड्या रेतीमिश्रित मातीत दोन बोटे खोल रोवावेत आणि पहिले पाणी तीन-चार दिवसांनी, तेही शिंपडल्यासारखे घालावे. महिना-दीड महिन्यात शेंड्याला नवे पान दिसले म्हणजे खाली मूळ फुटले असे समजावे.